दिवा विझलेला आहे म्हणजे कॅमेरा बंद आहे का? ‘आय सी यू’ हा पेपर वाचताना

चिंचवडच्या मोहननगरमध्ये एका छोट्या खोलीत मुलाखत सुरू करणार होते. समोरच्या काकू चाकणच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात कंत्राटी कामाला जातात. कामाच्या ठिकाणी कामगारांवर कशी नजर ठेवली जाते आणि त्यांना त्यातलं किती कळतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. आवाज रेकॉर्ड करायला लॅपटॉप स्टुलावर उघडून ठेवला होता. काकूंनी पडद्याच्या वरच्या त्या काळ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “ताई, तो दिवा लागला नाही म्हणजे शूटिंग चालू नाही ना?”

मी लगेच म्हणाले, “नाही नाही काकू, फक्त आवाज घेतेय.”

उत्तर खरंच होतं. पण ते खरं आहे हे मला कुठून माहीत होतं? काकूंनी जो दिवा बघितला, तोच मीही बघितला होता. नजर ठेवण्यावर संशोधन करणारी मी, आणि माझा पुरावा काकूंच्या पुराव्यापेक्षा एका पैशाने जास्त नव्हता. घरी आल्यावर एक जुना पेपर पुन्हा काढला. पहिल्या वर्षी ‘वाचून झाला’ म्हणून फोल्डरमध्ये टाकलेला. तुमच्याकडेही असे बरेच असतील.

आज त्या पेपरचं परीक्षण. लॅपटॉपचा कॅमेरा बंद कसा करायचा, परत चालू कसा करायचा हेही ओघात येईल. पण मुख्य मुद्दा हा की संशोधनाच्या तयारीत असताना एखादा चांगला पेपर कसा वाचायचा, आणि चांगला असूनही त्याच्याशी कुठे भांडायचं.

पेपर काय म्हणतो

पेपरचं नाव ‘आय सी यू : डिसेबलिंग द मॅकबुक वेबकॅम इंडिकेटर एलईडी’. लेखक मॅथ्यू ब्रॉकर आणि स्टीफन चेकोवे, दोघेही तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. २०१४ च्या युजनिक्स सिक्युरिटी परिषदेत तो आला. दावा एका वाक्यात सांगता येतो : ॲपलच्या जुन्या लॅपटॉपमधला ‘आयसाइट’ कॅमेरा चित्रण करत असतानाही त्याच्या शेजारचा हिरवा दिवा विझलेला ठेवता येतो.

यात विशेष काय, ते समजायला आपल्याच पट्ट्यातलं उदाहरण घेऊ. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये प्रेस मशीन बघितलं असेल. पुढचा गार्ड उघडा असेल तर रॅम खाली येत नाही. याला इंटरलॉक म्हणतात. कामगाराने लक्षात ठेवायचं, सुपरवायझरने ओरडायचं, यावर सुरक्षा सोडलेली नसते. जोडणीच अशी असते की धोका आणि उघडा गार्ड एकत्र येऊच नयेत.

ॲपलने दिव्याचं असंच केलं होतं. प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरला ‘स्टँडबाय’ नावाची एक पिन होती. या पिनवर ‘झोप’ असा इशारा आला की सेन्सर झोपतो. दिवा याच तारेला जोडलेला. म्हणजे झोपेचा इशारा असला की दिवा विझतो, इशारा काढला की दिवा लागतो. दिवा लावायचा की नाही हे कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं ठरवत नाही. कागदावर बघितलं तर पक्कं काम.

गार्डचं काय करतात हेही आपल्याला माहीत आहे. उत्पादनाची घाई असली की कोणीतरी लिमिट स्विच दाबून तार गुंडाळतो, आणि मशीनला वाटतं गार्ड बंद आहे. ब्रॉकर आणि चेकोवेंना नेमकी तशी फट सापडली. सेन्सरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये बदल केला की सेन्सर ‘स्टँडबाय’ पिनकडे दुर्लक्ष करायला लागतो. मग तारेवर ‘झोप’ हा इशारा कायम ठेवायचा. दिवा इशारा पाळून विझतो, सेन्सर मात्र टक्क जागा.

हा बदल करायला कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या छोट्या कंट्रोलरवर चालणारा प्रोग्रॅम, बदलावा लागतो. ते अवघड असायला हवं होतं. पण या कॅमेऱ्यात फर्मवेअर कायमचं कोरलेलं नव्हतं, ते संगणकाकडून यूएसबीवरून भरलं जायचं. लिनक्सवाल्यांना हे आधीपासून माहीत होतं, कारण त्यांना हा कॅमेरा चालवायला ते फर्मवेअर ॲपलच्या ड्रायव्हरमधून वेगळं काढावं लागायचं. लेखकांनी दाखवलं की कुठलाही साधा प्रोग्रॅम, ॲडमिनचा पासवर्ड नसतानाही, कॅमेऱ्याला नवं फर्मवेअर देऊ शकतो. कॅमेरा विचारतच नाही, तू कोण.

पुढे आणखी एक कमाल. तोच कॅमेरा यूएसबी कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊ शकतो, आणि त्याच्या आधारे व्हर्च्युअल मशीनमध्ये अडकवलेला प्रोग्रॅम बाहेर निसटू शकतो, हेही त्यांनी करून दाखवलं.

काय शिकण्यासारखं आहे

पहिली गोष्ट, त्यांचं थ्रेट मॉडेल. धोका कोणापासून, त्याच्या हातात काय आहे, काय नाही, हे आधीच मांडलेलं. त्यांचा हल्लेखोर दूर बसलेला आहे, त्याला यंत्राला हात लावता येत नाही. पण वापरणाऱ्याच्या नावाने एखादा प्रोग्रॅम तो चालवू शकतो. एवढंच. आता पुढचं सगळं तुम्ही या चौकटीत तपासू शकता.

हे साधं वाटतं, पण माझ्या पहिल्या आरएसी बैठकीत मी ‘कामगारांच्या गोपनीयतेला धोका’ असं तीन स्लाइडवर लिहून नेलं होतं. समितीतल्या एका सरांनी एकच शब्द विचारला : “कोणापासून?” मालकापासून, सुपरवायझरपासून, ॲप बनवणाऱ्या कंपनीकडून, की शेजारच्या कामगारापासून? मला सांगता आलं नाही. तुमच्या प्रपोजलमध्ये ‘धोका’, ‘सुरक्षा’, ‘गोपनीयता’ यातला कुठलाही शब्द असेल तर आजच त्याच्यापुढे ‘कोणापासून’ लिहून बघा.

दुसरी गोष्ट, त्यांनी प्रश्न नेमका निवडला. ‘वेबकॅम सुरक्षित आहेत का’ हा प्रश्न समुद्राएवढा. ‘दिवा विझलेला असताना कॅमेरा चालू असू शकतो का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर आहे, आणि ‘हो’साठी एक चालतं उदाहरण पुरतं. नव्वद टक्के वापरकर्त्यांचं सर्वेक्षण लागत नाही. प्रश्नाच्या आकारावर पुराव्याचा आकार ठरतो.

तिसरी, त्यांनी छापण्याआधी ॲपलला कळवलं. २०१३ च्या जुलैमध्ये माहिती दिली आणि कोडही दिला. सुरक्षेच्या क्षेत्रात ही रीत आहे. सामाजिक संशोधनातही तिचं भावंड आहे : ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांचं नुकसान होणार नाही ना, हे आधी बघायचं.

शीर्षक मोठं, पुरावा त्याहून लहान

आता भांडण. शीर्षकात ‘मॅकबुक’ म्हटलंय. प्रत्यक्षात तपासलेला कॅमेरा साधारण २००८ पर्यंतच्या आयमॅक आणि मॅकबुकमधला. पेपर आला २०१४ मध्ये. आत लेखकांनी हे स्वच्छ लिहिलेलं आहे, लपवलेलं काही नाही. पण शीर्षक वाचणारे दहा असतात, आतली मर्यादा वाचणारा एक. त्या काळी ‘मॅकबुकचा दिवा विझवता येतो’ एवढंच वाचून, आपल्या हातातल्या नव्या यंत्रालाही ते लागू आहे असं अनेकांनी धरलं.

उलट बाजूची चूकही करू नका. ‘ते जुनं मॉडेल होतं, आता काही नाही’ असंही म्हणता येत नाही. २०२४ मध्ये आंद्रेय कोनोवालोव या संशोधकाने थिंकपॅड एक्स-२३० या लॅपटॉपवर असंच करून दाखवलं. तिथे तर दिवा सेन्सरच्या तारेला बांधलेलाच नव्हता, कॅमेऱ्याच्या फर्मवेअरच्या हातात होता. फर्मवेअर बदललं की दिव्याचा ताबा मिळाला.

आता थांबा. हे वाचून “बघा, २०१४ चा धडा उत्पादक शिकलेच नाहीत” असं लिहायचा मोह होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मी तेच लिहिलं होतं. पण एक्स-२३० बाजारात आला २०१२ मध्ये, म्हणजे पेपरच्या दोन वर्षं आधी. दोष सापडला २०२४ मध्ये, यंत्र मात्र २०१२ चं. शोधाची तारीख आणि वस्तूची तारीख यांची गल्लत झाली की कालक्रम उलटा होतो आणि निष्कर्ष खोटा ठरतो.

बचावाचा भागही हल्ल्याच्या भागाएवढा मजबूत नाही. लेखकांनी ‘आयसाइट डिफेंडर’ नावाची एक सोय बनवली. ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात बसते आणि कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदलणाऱ्या विनंत्या अडवते. साध्या प्रोग्रॅमविरुद्ध हे चालेल. पण हल्लेखोराने ॲडमिनचे अधिकार मिळवले तर तो आधी हा पहारेकरीच काढून टाकेल. लेखक हे मान्य करतात आणि खरा उपाय हार्डवेअरच्या रचनेत आहे असं म्हणतात. त्यामुळे हा दोष लपवल्याचा आरोप होत नाही. पण वाचताना नोंद करा : बचाव टिकतो तो फक्त पेपरने निवडलेल्या दुबळ्या हल्लेखोरापुढे.

दिवा लागला, पुढे काय

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ लोअर मेरियन नावाचा शाळांचा जिल्हा आहे. तिथे विद्यार्थ्यांना शाळेने मॅकबुक दिले होते. चोरी झाली तर माग काढता यावा म्हणून त्यात एक सॉफ्टवेअर होतं, जे दुरून वेबकॅमने फोटो काढून पाठवायचं. २०१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाने खटला भरला तेव्हा बाहेर आलं की ५० हजारांहून जास्त प्रतिमा गोळा झाल्या होत्या. कॅमेऱ्याचे फोटो आणि पडद्याचे फोटो दोन्ही. काही मुलं तेव्हा आपल्या घरात, आपल्या खोलीत होती. प्रकरण ६ लाख १० हजार डॉलरवर मिटलं.

आता बारकावा. तिथे दिवा खोटं बोलला नव्हता. मुलांना तो मध्येच लुकलुकताना दिसला होता. विचारल्यावर सांगण्यात आलं की काहीतरी तांत्रिक बिघाड असेल.

‘आय सी यू’ पेपरमध्येही हे प्रकरण येतं. पण पेपरचा हल्लेखोर बाहेरचा आहे, चोरून घुसलेला. लोअर मेरियनमध्ये नजर ठेवणारा लॅपटॉपचा मालकच होता, ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडेच होता, आणि दिव्याचा अर्थ सांगण्याचा अधिकारही त्याच्याकडेच होता. दिवा कितीही प्रामाणिक केला तरी हा प्रश्न सुटत नाही. उदाहरण एका प्रकारच्या धोक्याचं दिलं आणि उत्तर दुसऱ्या प्रकारच्या धोक्याला शोधलं, असं झालं. प्रस्तावनेतली उदाहरणं आणि पद्धतीतलं थ्रेट मॉडेल यांची गाठ बसते का, हे दर वेळी तपासा. फार पेपर इथे निसटतात. माझा पहिला मसुदा तर नक्कीच.

आपल्याकडे हा दुसरा प्रकारच जास्त घरांत आहे. हिंजवडीतल्या कंपनीचा लॅपटॉप चिंचवडच्या वन बीएचकेमध्ये उघडतो. ॲडमिन कंपनीचा आयटी विभाग. कोविडच्या काळात विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, कॅमेऱ्याने लक्ष ठेवायची ‘प्रॉक्टर्ड’ पद्धत आली. तिथे कॅमेरा बंद ठेवायचा पर्यायच नसतो. मुलगी पेपर देतेय आणि मागे आई भाकऱ्या करतेय, आजोबा खाटेवर झोपलेत. मुलीने ‘मान्य’वर क्लिक केलं. आई-आजोबांना कोणी विचारलं?

दिवा दिसतो तरी का

पेपर गृहीत धरतो की दिवा लागला तर माणसाला कळेल. एका वर्षाने, २०१५ च्या ‘सीएचआय’ परिषदेत, रेबेका पोर्टनॉफ आणि सहकाऱ्यांनी हेच गृहीतक तपासलं. प्रयोगात संगणकावर काम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोकांनाच दिवा लागल्याचं लक्षात आलं. संगणकासमोर बसून कागदावर काम करणाऱ्यांमध्ये फक्त ५ टक्क्यांना. मग त्यांनी पडद्यावरच मोठं चिन्ह दाखवून बघितलं, तेव्हा आकडे ९३ आणि ५९ टक्क्यांवर गेले.

एका संशोधनाने गृहीत धरलेली गोष्ट दुसऱ्या संशोधनाचा प्रश्न झाली. विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आवडत्या पेपरमधलं ‘अर्थातच’ शोधा, बऱ्याचदा विषय तिथेच लपलेला असतो.

पण या आकड्यांनाही जपून वापरा. ‘९५ टक्के लोकांना वेबकॅमचा दिवा दिसत नाही’ असं मी एका सेमिनारमध्ये ऐकलंय. पेपर ते म्हणत नाही. प्रयोगात नेमून दिलेलं काम करताना, कागदात डोकं घातलेलं असताना, ५ टक्क्यांच्या लक्षात आलं, एवढंच तो म्हणतो. मोहननगरच्या काकूंनी तर मी काही बोलायच्या आत दिवा तपासला होता. ज्याच्यावर रोज कॅमेरा रोखलेला असतो त्याची नजर वेगळी असते. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. पण तपासण्यासारखं आहे.

बंद करण्याच्या पद्धती, आणि एकच प्रश्न

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘कॅमेरा बंद कसा करायचा’ हा अर्धाच प्रश्न आहे. बंद सगळेच करू शकतात. विचारायचं हे की परत चालू कोण करू शकतं, आणि बंद आहे हे मला कशावरून कळतं? या कसोटीवर नेहमीचे उपाय लावून बघू.

१. सेटिंगमध्ये परवानगी काढणं. विंडोजमध्ये प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं बटण असतं. सोपं आहे आणि रोजच्यासाठी चांगलं आहे. पण विंडोजवरची जुन्या पद्धतीची डेस्कटॉप ॲप्स या यादीत एकेक करून आवरता येत नाहीत. परत चालू करणारा : तुम्ही, किंवा तुमच्या नावाने चालणारं काही.

२. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘डिसेबल’. कॅमेरा या नावाखाली उपकरण शोधायचं, राइट क्लिक, डिसेबल. परत हवा असेल तर तिथेच ‘एनेबल’. लिनक्सवर ‘यूव्हीसी व्हिडिओ’ हा ड्रायव्हर काढून टाकणं किंवा त्याला बंदी यादीत घालणं हा तोच प्रकार. परत चालू करणारा : ज्याच्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत तो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तो बहुधा तुम्ही नाही.

३. बायोसमधून बंद करणं. बऱ्याच ऑफिस-मॉडेलमध्ये ही सोय असते. ऑपरेटिंग सिस्टीमला कॅमेरा दिसतच नाही. बायोसचा पासवर्ड ज्याचा, ताबा त्याचा.

४. लॅपटॉपवरचं बटण किंवा सरकतं झाकण. यात फरक करा. काही बटणं कॅमेऱ्याची जोडणीच तोडतात, काही फक्त सॉफ्टवेअरला निरोप देतात. सरकतं झाकण मात्र डोळ्यांना दिसतं. दूर बसलेला कोणीही ते सरकवू शकत नाही.

५. चिकटपट्टी. फुकटातलं झाकण. गोंद भिंगावर बसतो, म्हणून मध्ये कागदाचा तुकडा ठेवा. जाड प्लॅस्टिकचं झाकण लावून लॅपटॉप जोरात मिटू नका. मॅकबुकबद्दल ॲपलने २०२० मध्ये तसा इशारा दिला होता, की पडद्याचं नुकसान होऊ शकतं, आणि लावायचंच असेल तर साध्या कागदाएवढं, ०.१ मिलिमीटरचं लावा.

पहिल्या प्रकारावर किती विसंबायचं ते २०१९ च्या झूम प्रकरणातून कळतं. जोनाथन लाइटशू या संशोधकाने दाखवलं की मॅकवर झूम असेल तर एखादी वेबसाइट वापरणाऱ्याला न विचारता व्हिडिओ कॉलमध्ये ओढू शकते, कॅमेऱ्यासकट. झूम काढून टाकलं तरी त्याचा एक छोटा सर्व्हर मागे राहायचा आणि तो झूम परत बसवू शकायचा. हेतू काय होता? वापरणाऱ्याचा एक क्लिक वाचावा. ‘परत चालू करणं’ सोपं केलं, आणि ते सगळ्यांसाठीच सोपं झालं.

उलट अडचणही खरी आहे. पाच ठिकाणी बंद केलेला कॅमेरा आरएसीच्या ऑनलाइन बैठकीच्या दोन मिनिटं आधी सापडत नाही, आणि गाइड सर तिकडे वाट बघतायत. अशा वेळी क्रमाने बघा : आधी झाकण, मग कीबोर्डवरचं बटण, मग सेटिंगमधली परवानगी, मग डिव्हाइस मॅनेजर, शेवटी बायोस. आणि दुसऱ्या कुठल्या ॲपने कॅमेरा अडवून ठेवला नाही ना, तेही. घाईत सगळंच चालू करून ठेवलं जातं आणि नंतर बंद करायचं राहून जातं. म्हणून एकच पद्धत निवडा आणि ती पाळा.

चाकणच्या गेटवरचं स्टिकर

या बाबतीत सगळ्यात स्पष्ट विचार मला कुठल्या पेपरमध्ये नाही, चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर भेटला. मुलाखतींच्या परवानगीसाठी गेले होते. सिक्युरिटीच्या दादांनी रजिस्टरमध्ये सही घेतली, फोनच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवले. मी शहाणपणा केला : “दादा, मी सेटिंगमधूनच बंद केलाय.” ते म्हणाले, “मॅडम, ते तुम्हाला माहीत. मला स्टिकर दिसलं पाहिजे.”

बाहेर पडताना त्यांनी स्टिकर नखाने तपासलं. फाटलं असतं किंवा कोपरा उचललेला असता तर प्रश्न आले असते.

त्यांचं थ्रेट मॉडेल बघा. धोका कोणापासून? माझ्यापासून. परत चालू कोण करू शकतं? मीच, म्हणून काढलं तर कळेल असं स्टिकर. बंद आहे हे कसं कळतं? बघून, कुठलाही तांत्रिक अभ्यास न करता. माझ्या तीन स्लाइडमध्ये जे नव्हतं ते या माणसाच्या एका वाक्यात होतं. अर्थात, हे स्टिकर नवीन गाडीच्या पार्टचं डिझाइन वाचवायला आहे. माइकचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, आणि आत कामगारांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांवर कोणी स्टिकर लावत नाही. स्टिकर लावायचा अधिकार कोणाकडे, हाही प्रश्न आहेच.

चिकटपट्टीवरही पेपर आहे. माखुलेट्झ, लाउबे आणि ब्योमे यांचा, २०१८ च्या ‘सीएचआय’मधला. १८० लोकांच्या अभ्यासात त्यांना दिसलं की कॅमेरा झाकण्यामागे गोपनीयतेच्या काळजीचा ठळक परिणाम सापडत नाही. वृत्ती, आजूबाजूचे लोक आणि ‘हे आपल्या हातात आहे’ ही भावना यांचा सापडतो. वाचायला गंमत वाटते : लोक भीतीने नाही, बघून-बघून पट्टी लावतात. पण ‘ठळक परिणाम सापडला नाही’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा होत नाही. १८० जणांत छोटा परिणाम निसटू शकतो, आणि एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नावलीतून कारण आणि परिणाम वेगळे करणं कठीण असतं. मला पटणारी गोष्ट एवढीच की लोक झाकण निवडतात कारण ते दिसतं. चाकणच्या दादांसारखंच.

परत मोहननगरला

तर मी काकूंना दिलेलं उत्तर. ते खोटं नव्हतं. माझा लॅपटॉप ना जुना मॅकबुक, ना थिंकपॅड एक्स-२३०, आणि कोणी त्यात घुसलंय असं मानायला कारणही नाही. पण काकूंनी दिव्याबद्दल विचारलं आणि मी खात्री दिली. माझ्याकडे खात्री नव्हती, सवय होती. माहितीपूर्ण संमती म्हणजे फॉर्मवरची सही नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळी आणि माहितीपूर्ण असावी असं आहे. त्यात संशोधनाला काही मोकळीक आहे, पण ती कायद्यापुरती. समोरच्या माणसाला खरं सांगायचं की नाही, याला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आणि काळजी फक्त कॅमेऱ्याची कशाला? काकू जे बोलल्या ते आवाजात आहे. ठेकेदाराचं नाव, ओव्हरटाइमचे बुडालेले पैसे. चेहऱ्यापेक्षा तो आवाजच त्यांना जास्त महाग पडू शकतो. झाकण लावून माइक बंद होत नाही. मी कॅमेऱ्याच्या दिव्यावर इतका वेळ घालवला आणि खरा ऐवज चालत्या माइकमधून त्याच लॅपटॉपमध्ये जात होता, ज्याला इंटरनेट जोडलेलं होतं.

आता मुलाखतीला लॅपटॉप नेत नाही. साधा व्हॉइस रेकॉर्डर नेते, इंटरनेट नसलेला. सुरू करण्याआधी तो समोरच्याच्या हातात देते आणि थांबवायचं बटण दाखवते. त्यांना कुठल्याही क्षणी थांबवता येतं, मला न विचारता. दोन जणांनी मध्येच थांबवलाही. त्यातला मजकूर माझ्या प्रबंधात नाही, आणि असू नये.

काकूंकडे पुन्हा गेले तेव्हा हे सगळं सांगितलं. म्हटलं, “त्या दिवशी मी दिवा बघूनच सांगितलं होतं काकू, मला पक्कं माहीत नव्हतं.” त्यांनी रेकॉर्डर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “मग तेव्हाच पट्टी लावायची ना. आमच्या सुपरवायझरला कळतं ते तुम्हाला नाही कळलं?” आणि चहा ठेवायला उठल्या.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातला एक आवडता पेपर घ्या आणि एका पानावर चार गोष्टी लिहा. धोका किंवा समस्या कोणापासून, कोणाला? शीर्षकाचा आवाका आणि पुराव्याचा आवाका यांत किती अंतर? प्रस्तावनेतलं उदाहरण पद्धतीच्या चौकटीत बसतं का? आणि लेखकांनी ‘अर्थातच’ म्हणून सोडलेली एक गोष्ट कोणती? चौथ्याचं उत्तर मिळालं तर जपून ठेवा, प्रपोजलच्या वेळी लागेल.

पुढच्या वेळी : संमतीपत्र मराठीत लिहिताना कुठले शब्द लोकांना कळतच नाहीत, आणि ते मला कसं कळलं.